मागच्या सीटचं बकल आधी कव्हरमधून वर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझी मुलगी न्यू जर्सीहून सव्वा वर्षाच्या नातवाला घेऊन एकटीच आली, दोन बॅगा, एक सॅक आणि वर ही भलीमोठी कार सीट, म्हणजे गाडीत लहान मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची. पुण्याहून मी गाडी करून मुंबई विमानतळावर आणायला गेलो होतो, ती सीट बघून पहिला प्रश्न हाच विचारला की अगं हे एवढं धूड कशाला उचलून आणलंस, आम्ही तुला मांडीवर घेऊनच वाढवलं ना.

तर कळलं की विमानातसुद्धा पोरगा त्याच सीटमध्ये बसून आला. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर न्यायचं तर आंतरराष्ट्रीय तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत होतं, पण हिने त्याच्यासाठी वेगळी जागा घेतली. सीटच्या बाजूला लाल अक्षरात छापलेलं असतं की ही मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे चालते, ते दाखवलं की चढू देतात, शक्यतो खिडकीपाशी बसवायला लावतात म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही. मागे तोंड करून लावल्यामुळे पुढच्या गृहस्थांना पाठ मागे टाकता येईना, ते अख्खा प्रवास धुसफुसत होते म्हणे. त्यांचंही चूक नाही म्हणा.

मी म्हटलं विमानाला काय होतंय. त्यावर तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. १९८९ च्या जुलैत अमेरिकेत सू सिटीला एक विमान कोसळलं, त्यात चार लहान मुलं मांडीवर होती, उतरायच्या आधी आयांना सांगितलं गेलं की बाळं खाली पायाशी ठेवा आणि धरून ठेवा. त्यातलं एक बाळ गेलं. त्या विमानातल्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राऊन पुढे कित्येक वर्षं हाच विषय घेऊन सरकारच्या मागे लागल्या होत्या. तरी तिथल्या विमान खात्याने, एफएएने, २००५ मध्ये ठरवलं की सक्ती करायची नाही, आणि कारण काय तर बाळाचंही तिकीट काढायला लावलं तर लोक विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं दगावतील. म्हणजे खरा धोका रस्त्यावर आहे हे तेच सांगतायत. आणि इथे आमची तऱ्हा अशी की विमानात पट्टा लावा म्हटलं की निमूट लावतो आणि बाहेर येऊन टॅक्सीत बसलो की पोर मांडीवर.

आता मुख्य गोष्ट. रात्री दीड वाजता पार्किंगमध्ये गाडीपाशी आलो, सीएनजीची गाडी, अर्धी डिकी सिलिंडरने भरलेली, बॅगा कशाबशा कोंबल्या, मग मागच्या सीटवर कार सीट ठेवली आणि बेल्ट ओढला तर तो लावायचा कशात? बकलच नाही. ड्रायव्हर तरुण होता, स्वभावाने चांगला, म्हणाला काका मागे कोण लावतंय बेल्ट, कव्हर टाकताना खाली गेलं असेल. मग मोबाईलच्या उजेडात त्याने आणि मी मिळून कव्हरच्या नाड्या सोडल्या, सीटच्या फटीत हात घातला, आधी दोन रुपयांचं नाणं निघालं, मग शेंगदाण्याची फोलपटं, मग एका बाळाचा मोजा (कुणाचा देव जाणे), आणि सगळ्यात शेवटी बकल. नवंकोरं होतं, एकदाही वापरलेलं नसावं. तोवर नातू रडून झोपून पुन्हा उठला होता.

त्यातही एक भानगड, अमेरिकेत गाडीचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की लॉक होतो, आपल्याकडचा झटका बसला तरच धरतो, त्यामुळे ती सीट घट्ट बसावी म्हणून इंग्रजी एच अक्षरासारखी एक लोखंडी क्लिप बेल्टला लावावी लागते. मुलीने ती आठवणीने आणली होती. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

अमेरिकेतही सगळं काटेकोर असतं असं नाही, न्यूयॉर्कमध्ये पिवळ्या टॅक्सीला कार सीटच्या नियमातून सूट आहे हे तिनेच कबूल केलं. पण आपल्याकडे तर कायदा आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १९४ ब घातलं, चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरला चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले, तेव्हा चार दिवस सगळे मागच्या बेल्टवर बोलत होते, १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा केला. मग? बेल्ट न लावता अलार्म बंद करायच्या खोट्या क्लिपा ऑनलाइन इतक्या विकल्या जात होत्या की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या काढून टाकायचा आदेश द्यावा लागला.

प्रत्येक टॅक्सीत कार सीट ठेवा असं मी म्हणत नाही, वेगवेगळ्या वयाला वेगळी सीट लागते, बिचारा ड्रायव्हर कुठे ठेवणार, डिकीत सिलिंडर आहे. पण मागची बकलं कव्हरच्या वर ठेवायला एक पैसा लागत नाही. परिवहन खात्याने गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी मागची तिन्ही बकलं लावून बघावीत, कव्हर शिवणाऱ्यांनी तेवढी भोकं ठेवावीत, ॲपवाल्यांनी बुकिंगच्या वेळी 'लहान मूल सोबत आहे' असा एक पर्याय द्यावा आणि विमानतळावरच्या प्रीपेड काउंटरने दोन-चार सीट भाड्याने ठेवाव्यात.

एक्स्प्रेस वेवर त्या रात्री नातू सीटमध्ये मान टाकून खोपोलीपर्यंत झोपला होता आणि आमची ही, जी आधी सर्वात जास्त विरोधात होती, आता शेजाऱ्यांना कार सीटचे फायदे सांगत फिरते.

येत्या शुक्रवारी परतीची गाडी आहे. या वेळी आधीच फोन करून विचारलं की मागे बेल्टची बकलं वर आहेत का, तर पलीकडचा म्हणाला ड्रायव्हरला विचारून सांगतो. त्याला आज चार दिवस झाले.

आपला,
एक आजोबा, पुणे