पाम बीच रस्त्यावरच्या त्या माणसांना

रविवारी पहाटे मी नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावर 21 किलोमीटर धावले. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यानंतरचं माझं हे पहिलंच मोठं अंतर. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग रुग्णालयात उपचारांसाठी गावाकडून येणाऱ्या रुग्णांच्या राहण्या-जेवणासाठी पैसे जमवायचे होते.

पंधराव्या किलोमीटरला, नेरूळजवळ, बुटाची नाडी सुटली. केमोनंतर माझ्या बोटांची टोकं आणि तळवे बधिर असतात. नाडी हाताला लागतच नाही. दोनदा प्रयत्न केला, मग दुभाजकावर बसून रडू आलं. सायकलवरून दूध टाकणारा एक मुलगा थांबला. काही न विचारता खाली बसला, दोन्ही नाड्यांना दुहेरी गाठ मारली आणि म्हणाला, "ताई, आता नाही सुटणार." नाही सुटली! बाळा, तुझं नावही विचारायचं राहून गेलं.

काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजवा हात सुजतो, म्हणून त्यावर घट्ट बाही असते. ती पाहून करावे गावाजवळ एका मावशींनी ओळखलं. "माझ्या बहिणीलाही होती," एवढंच बोलल्या. स्टीलच्या डब्यातून मीठ-साखरेचं लिंबूपाणी पाजलं आणि पदराला बांधलेले 50 रुपये माझ्या मुठीत कोंबले. निधीत त्या नोटेइतकं मोलाचं मला काहीच वाटत नाही.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

मावशी, तुमचा डबा माझ्याकडेच राहिलाय. रोज सकाळी सहाला मी त्याच जागी तो घेऊन येते.