बोलक्या संगणकाचा वेग ऐकणाऱ्याला ठरवू द्या

संपादक महोदय,

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना संगणक शिकवताना वाचून दाखवणाऱ्या आवाजाचा वेग अनेकदा डोळस शिक्षकच स्वतःच्या कानाला सोसेल तेवढा ठेवून देतात आणि पुढे तो बदललाच जात नाही, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या, २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘एनव्हीडीए’ या मोफत प्रणालीत ‘ईस्पीक’ या आवाज घडवणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज मिळतो आणि त्याचा वेग ० ते १०० या पट्टीवर बदलता येतो. हा आवाज यांत्रिक वाटतो हे खरे. पण तो ध्वनिमुद्रित तुकडे जोडून केलेला नसून गणिताने घडवलेला असल्याने वेग बराच वाढवला तरी शब्द स्पष्ट ऐकू येतात, म्हणूनच अनेक सरावलेले श्रोते गोड आवाज सोडून तोच पसंत करतात.

मात्र एकच वेग सगळीकडे चालत नाही. परिचित मेनू किंवा बातम्या भरभर ऐकता येतात. कविता, गणित, कायद्याची कलमे संथच हवीत, आणि शुद्धलेखन तपासताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद वेगात कानाला कळत नसल्याने अक्षरागणिक थांबावे लागते. प्रत्येक प्रोग्रामसाठी, तसेच सलग वाचनासाठी वेगळी ‘प्रोफाइल’, म्हणजे वेग वगैरे सेटिंगचा जतन केलेला संच, ठेवण्याची सोय या प्रणालीत आहे; ती फारशी शिकवली जात नाही, याची मनापासून खंत वाटते. नवशिक्याने अर्थ लागतो आहे ना, हे पाहत वेग थोडा थोडा वाढवावा. परीक्षा केंद्रांनी तर पेपर सुरू होण्यापूर्वी उमेदवाराला आपला वेग लावून घेऊ द्यावा आणि त्यासाठी लागलेली मिनिटे परीक्षेच्या वेळेतून कापू नयेत.

आपला,
एक वाचक