कौलांखाली प्लास्टिक नको, एवढं वाचा मग ठरवा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबा एकीकडे सुताराशी आणि एकीकडे माझ्याशी बोलत होते त्यामुळं निम्मं राहूनच गेलं, म्हणून लिहितोय.

छप्पर उतरवताय ते बरंच झालं. पण बाबा, सुतार म्हणतोय कौलांखाली निळा प्लास्टिक कागद टाका नाहीतर डांबरी फेल्ट घाला, त्याला माझा विरोध आहे. पाणी दोन्ही अडवतात, त्यात वाद नाही, पण वाफ बाहेर सोडत नाहीत. आपल्याकडं खाली स्वयंपाकघर, मागं अंघोळीचा बंब, आणि आता तुम्ही माडीला सिलिंग पण करणार म्हणजे कौलांच्या फटीतनं जी हवा खेळत होती ती पण बंद. थंडीत पहाटे छप्पर गार पडलं की सगळी वाफ प्लास्टिकला आतनं धरणार आणि थेंब पडणार वाशांवर. पावसाळ्यात खिळ्याच्या भोकातनं थोडं पाणी मुरलं तरी लाकूड वाळणार कधी? मग बुरशी, मग वाळवी. सागवान आहे म्हणून काय कायमचं टिकत नाही.

त्यापेक्षा ब्रीदेबल मेंब्रेन घ्या. पॉलीप्रॉपिलीनचे तीन थर असतात, वरखाली कापडासारखे आणि मधे पातळ फिल्म, तिची भोकं इतकी बारीक की पाणी आत शिरत नाही पण वाफ निघून जाते. दुकानदार कुठलंही पांढरं कापड दाखवून हेच म्हणेल, तेव्हा एसडी व्हॅल्यू विचारा, ती ०.०२ मीटरच्या आसपास पाहिजे, म्हणजे वाफेला अडथळा फक्त २ सेंटीमीटर हवेएवढा. पाण्यासाठी डब्ल्यू१ लिहिलेलं असतं, म्हणजे पाणी अडवण्यात सगळ्यात वरचा दर्जा. आणि आई, तू एक कर, सॅम्पल मागून घे, कडक पाण्याच्या ग्लासावर तो तुकडा ठेव आणि वर दुसरा ग्लास पालथा घाल. वरचा ग्लास धुरकटला तर माल खरा, मग बाबांना पण दाखव, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

रोल बहुतेक दीड मीटर रुंद, ५० मीटर लांब येतो, म्हणजे ७५ चौरस मीटर, पण जोडात बरंच जातं हे धरूनच मागवा. लावताना वळचणीपासनं वर आढ्याकडं जायचं, वरची पट्टी खालचीवर निदान १५ सेंटीमीटर चढवायची, छापील बाजू वर. वाशांवर मेंब्रेन, त्यावर वाशाच्या रेषेत उभ्या पट्ट्या आणि मग आडव्या रिपा, उभ्या पट्ट्या नसल्या तर आत आलेलं पाणी रिपेला तटून तिथंच साचतं. सुतार म्हणेल लाकूड वाया जातंय, जाऊ दे. वाशांना वाळवीचं औषध मारलं तर ते पूर्ण वाळल्यावरच मेंब्रेन टाकायला सांगा, ओल्या औषधानं ते खराब होऊ शकतं.

मेंब्रेन अंथरून कौलं नंतर बसवू असं मात्र करू नका, ऊन लागून ते कुजतं, किती महिने चालतं ते रोलवर लिहिलेलं असतं. मृगाच्या आत कौलं चढली पाहिजेत. वळीव मधेच गाठणारच, तेवढ्याला ते पुरेसं आहे.

पैशाचा फरक मी देतो, त्यावर वाद नको. आणि बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही, खाली खुर्ची टाकून बसा आणि तिथनं ओरडा. लेबलचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो मगच पैसे द्या.

तुमचा
बाळू