खाडीकाठी कबड्डी घेऊन आलेल्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पुण्या-मुंबईत पांगलेल्या आमच्या गावकऱ्यांनीही ते वाचायला हवं.

गुहागर तालुक्यातलं आमचं गाव तुम्ही पाहिलंत तेव्हा अर्ध्या घरांना कुलपं होती. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. राज्य वाढत होतं आणि आम्ही घटत होतो. त्याच जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या. याचं फार कौतुक होतं, पण आमच्याकडे त्यामागचं मोठं कारण म्हणजे बापये चाकरीला गेलेले. खाडीत पूर्वीसारखी मासळी नाही. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद. घरात पैसा यायचा तो मनीऑर्डरीचा, आता फोनवरून येतो.

गेलेल्यांना परत कसं आणायचं, यावर आमच्या सभा व्हायच्या. तुम्ही आधी विचारलंत, ‘गावात आहे कोण?’ होत्या त्या मुली. म्हणून कबड्डीचा संघ मुलींचा झाला. आयांनी आधी नकार दिला होता. मासळी विकून त्या दुपारी घरी आल्या की तुम्ही ओटीवर जाऊन बसायचात, हट्ट न करता. मग खळ्याशेजारची जागा सारखी झाली, फक्कीने १२ बाय ८ मीटरचं मैदान आखलं गेलं.

पण सर, मला सर्वांत मोठी वाटते ती मृदंगाची गोष्ट. माणसं नाहीत म्हणून आमचं नमन, म्हणजे कोकणातलं नाचगाण्याचं लोकनाट्य, बंद पडलं होतं. मृदंग वाजवणारे आजोबा सराव बघायला नुसते येऊन बसायचे. तुम्ही त्यांना वाजवायला सांगितलंत आणि पोरींचे पाय त्या ठेक्यावर पडू लागले. चढाईला जाताना त्यांचा जो हलकेपणा दिसतो, तो तिथला. पुढे त्याच मुली नमनाच्या गवळणीत उतरल्या. काही जुनी मंडळी कुरकुरली, कारण गवळण पुरुषांनीच करायची अशी रीत. आजोबाच त्यांच्याशी बोलले.

सामने तुम्ही शिमग्यात घ्यायला लावलेत, तेही ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसलेली असताना. चाकरमानी एरवी पालखी घरी आली की दुसऱ्या दिवशी स्वारगेटची गाडी धरायचे. आता सामन्यांसाठी थांबतात, बंद घरं झाडून घेतात, कौलं शाकारतात. बाहेरगावच्या संघांचं जेवण बचत गट करतो. भाकरी आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण. त्या पैशांत बायकांनी यंदा मासे सुकवायचे मांडव घातले. एवढ्याने खाडी भरत नाही आणि मुलगे मुंबईला जायचे थांबलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी गावकीच्या बैठकीत आता मुलींना विचारलं जातं, हे मी स्वतः पाहिलंय. त्यासाठी तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द अपुरे आहेत.

मे महिन्यात मुली तुमच्या शिबिराला पुण्यात येणार आहेत. त्यांची राहण्याची सोय माझ्याकडे आणि शेजारच्या दोन घरांत केली आहे. बालेवाडीचं मैदान बघायचा त्यांचा फार हट्ट आहे, तेवढं जमवा. तारखा ठरल्या की कळवा, म्हणजे कुंभार्ली घाटातून येणाऱ्या एसटीचं आरक्षण करता येईल.

आपली नम्र,
गुहागरची एक माहेरवाशीण
मुक्काम कोथरूड, पुणे