‘औषध’ या शब्दाला आमच्याकडे दोन अर्थ आहेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या वाचनालयानं यंदा रहस्यकथा स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून मला बसवलं. खानापूर, बेळगाव, निपाणी, हुक्केरी अशा चारी बाजूंनी मिळून 22 कथा आल्या. मी 31 वर्षं वेगवेगळ्या तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत फार्मासिस्ट होते, लोकांच्या तोंडी कंपाउंडरबाई. 22 पैकी 14 कथांत विषानं खून झाला आहे हे पाहिल्यावर मला राहवेना, म्हणून हे पत्र.

एका कथेत सून सासऱ्याच्या चहात पिकावर मारायचं औषध घालते. म्हातारा कप संपवतो, डोळे मिटतो, सकाळी घरच्यांना वाटतं झोपेत गेला. लिहिणाऱ्यानं त्या औषधाची बाटली कधी उघडून पाहिलेली नसावी. असा रुग्ण दवाखान्याच्या व्हरांड्यात आला की माझ्या खिडकीपर्यंत वास यायचा. त्याच्या अंगाला तर यायचाच, पण त्याला खांद्यावर टाकून आणणाऱ्या भावाच्या सदऱ्यालाही यायचा. तोंडाला फेस, अंगभर घाम, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. मग डॉक्टर त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, मागत राहायचे आणि मी अँप्युलच्या माना मोडत राहायची. एका रात्री इतक्या मोडल्या की अंगठ्याला काच लागून कापलं, ते मला पहाटे हात धुताना कळलं. शांत मरण त्यात कुठंच नसतं. कथेतल्या घरात पाच माणसं झोपली होती आणि एकालाही जाग आली नाही, हे मी कसं मानू?

दुसरी एक कथा सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची आहे. सोमल मागे खूण ठेवत नाही, असं तिच्यातला डॉक्टर सांगतो. जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं सोमल ओळखण्याची परीक्षा 1836 सालीच छापली होती. सोमल केसात, नखात, हाडात बसून राहतो. आणखी तीन कथांत क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळतो. तसं होत नाही, मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात माणूस झटापट करतो.

पण चुका दाखवण्यासाठी मी लिहीत नाही. माझं म्हणणं आहे की खुनाची पद्धत खुन्याच्या हातातून आली पाहिजे. ज्या वस्तूला त्याचा हात रोज लागतो, जिची त्याला भीती उरलेली नाही, तीच त्याला ऐन वेळी आठवणार. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या, 1917 साली त्यांनी त्याची रीतसर परीक्षाही दिली. 1920 साली त्यांची पहिली कादंबरी आली आणि तिच्यातल्या विषाच्या अचूक माहितीचं कौतुक औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानं केलं. विष त्यांच्या हाताखालचं होतं, म्हणून त्यांना ते शोभलं. आपल्या लेखकांनी विलायती बाटली उचलायची काय गरज? निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आहेत, खानापूरच्या कौलांच्या भट्ट्या आहेत, शहापूर-वडगावचे माग आहेत, उसाच्या फडातला कोयता आहे. मागावर बसणारा माणूस गाठ कशी मारतो हे त्याच्या शेजाऱ्याला अंधारातही ओळखता येईल. ती गाठ 14 कथांपैकी एकीतही नाही.

एका मुलीची कथा मात्र मला मनापासून आवडली. बी.ए.ला आहे, वडील शेतकरी. तिच्या कथेत चुलतभाऊ चुलतभावाला विहिरीत ढकलतो आणि नंतर प्रेत मलप्रभा नदीत नेऊन सोडतो. थ्री फेज करंट रात्रीच येतो, त्यामुळे मोटार चालू करायला मध्यरात्री विहिरीवर जाणं ही त्या घरातली रोजची गोष्ट. म्हणून कुणाला संशय येत नाही. हे तिला सुचलं कारण तिचे वडील बॅटरी घेऊन निघालेले तिनं शेकडो वेळा पाहिले आहेत. शेवट मात्र तिला जमला नव्हता. खुनी आपण होऊन कबुली देतो.

मी तिला घरी बोलावून डायटमबद्दल सांगितलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं एक शेवाळ असतं, त्याचं कवच सिलिकाचं, वाळूच्याच जातीचं. जिवंत माणूस बुडतो तेव्हा पाण्याबरोबर ते फुप्फुसात जातं, रक्तातून पार हाडाच्या मगजापर्यंत पोचतं. मेल्यावर पाण्यात टाकलं तर रक्त फिरत नाही, त्यामुळे ते तिथवर जात नाही. शिवाय एका पाण्यातलं हे शेवाळ दुसऱ्या पाण्यातल्यापेक्षा वेगळं असू शकतं. प्रेत नदीत मिळालं आणि मगजात विहिरीतलं निघालं तर? एवढ्या एकाच तपासणीवर कोर्टात कुणी विसंबत नाही, पण तपासाला वाट दाखवायला ती पुरे. ती मुलगी थोडा वेळ गप्पच राहिली, मग म्हणाली, “म्हणजे काकू, विहीरच साक्ष देणार.”

पद्धत निवडताना मी हेच बघते, की ती पुढे जाऊन कुणाला तरी काही सांगेल का. केरळात 2020 साली एका नवऱ्यानं बायकोला नाग चाववून मारलं. तपास करणाऱ्यांनी पुतळा आणि जिवंत नाग घेऊन प्रयोग केला. नाग आपण होऊन चावतो तेव्हाचं दोन दातांतलं अंतर आणि त्याचं डोकं धरून चाववलं तर पडणारं अंतर, दोन्ही मोजली. दुसरं जास्त भरलं. 2021 साली कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. अपघात वाटावा म्हणून जी पद्धत त्यानं निवडली, तीच त्याच्यावर उलटली.

आता ‘औषध’ या शब्दाबद्दल. आमच्याकडे माझ्या खिडकीतून मिळायचं तेही औषध आणि खताच्या दुकानात मिळतं तेही औषध. “बाई, ह्यानं औषध पिलंय,” एवढं ऐकलं की आम्ही कुठलं ते विचारत नसू. आता कल्पना करा, म्हातारी मराठीत सांगते, “रात्री मी त्यास्नी औषध दिलं,” आणि समोर जबाब लिहिला जातोय कन्नडमध्ये. तिला रक्तदाबाची गोळी म्हणायची असते. कागदावर काय उतरेल? पंचनाम्याला इथं महजर म्हणतात, हवालदार कन्नडमध्ये विचारतो, साक्षीदार मराठीत उत्तर देतो, मधे कुणीतरी शेजारी दुभाषा होतो. सीमाभागातल्या लेखकाच्या पदरात ही अख्खी रहस्यकथा आयती पडलेली आहे, आणि आलेल्या सगळ्या कथांतले पोलीस मात्र पुण्याचं मराठी बोलतात.

व्हिसेराच्या, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या बरण्यांसाठी मिठाचं पाणी मी कितीदा करून दिलं आहे. साधंच मीठ, तळाला न विरघळता राहीपर्यंत ढवळत राहायचं. त्याच पाण्याचा एक नमुना वेगळा पाठवायचा, म्हणजे मिठातच काही नव्हतं हे कळावं. मग लाखेची मोहर. बरणीवरच्या चिठ्ठीवर नाव लिहिताना मला दर वेळी त्या घरातली माणसं दिसायची, कारण बहुतेक वेळा मी त्यांना ओळखत असायची.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत आणि दिवाळी अंकात रहस्यकथा जरूर छापा, पण विषाचं नेमकं नाव आणि प्रमाण छापू नका. दोन आलेल्या कथांत झाकणाच्या मापापर्यंत हिशेब दिला होता. आमच्या गावांत ती बाटली दाराआडच्या कोनाड्यात असते आणि ज्याचा जीव घरात घुसमटलाय असा कुणीतरी तो अंक वाचतो. कथेला त्या आकड्याची गरज नाही. वास, फेस, सदरा, उठलेली शेजारीण, एवढ्यावर ती उभी राहते.

मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी मी वाचनालयात असते. लिहिणाऱ्यांनी यावं. बाटलीचा रंग, अँप्युल मोडल्याचा आवाज, मोहर कशी लावतात, जे माहीत आहे ते सगळं सांगेन. प्रमाण विचारू नये.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट
खानापूर, जि. बेळगाव