व्याही येऊन राहिले, आता तुम्ही

हॅनोव्हर, जुलै

ती. नाना आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगायला घेतलं होतं. पण नाना कानात मशीन घालत नाहीत आणि काहीही सांगितलं तरी "हो हो, बरं बरं" म्हणतात, म्हणून लिहायलाच बसले. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून आण. आई, तू डोळ्याला ताण देऊ नको, नानांकडून वाचून घे. ते मध्येच गाळतील, तेव्हा लक्ष ठेव.

बातमी अशी, की आम्ही हॅनोव्हर सोडतोय. ऑक्टोबरपासून जावयांना हॅम्बुर्गच्या ऑफिसात जायचंय. गाडीने सव्वा तासाचा रस्ता, रोज ये-जा करणारेही आहेत, पण ह्यांना ते नको. तिथे माझी नणंद आधीपासून आहे आणि सध्या सासू-सासरेही शिरपूरहून तिच्याकडे आलेत. म्हटलं, घर बघणं, गाव बघणं आणि सगळ्यांना भेटणं एकाच खेपेत उरकू. घर काही मिळालं नाही. इथे पुष्कळ घरांतून जुना भाडेकरू जाताना ओटा, सिंक, कपाटं सगळं काढून नेतो आणि आपल्या वाट्याला नुसत्या भिंती येतात. ते रडगाणं पुढच्या पत्रात. सध्या एवढंच, की प्रत्येक घरात मी आधी लिफ्ट बघत होते. जावई म्हणाले, आपल्याला लिफ्ट कशाला? मी म्हटलं, आपल्याला नाही, नाना-आईंना. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या घरी त्यांनीच आधी लिफ्ट विचारली.

तर पत्राचं कारण हे. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला यायचंय. नाही म्हणायच्या आधी पूर्ण वाचा.

नाना, तुम्हाला पहिल्यांदा नदीच दाखवीन. एल्ब तिचं नाव. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब, तरी भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत येते. दिवसातून दोनदा पाणी अकरा-बारा फूट चढतं आणि उतरतं, आणि भरतीच्या वेळी नदी चक्क उलटी, वरच्या बाजूला वाहते. बोटीचा धक्का म्हणूनच तरंगता केलाय. त्याच्यावर उतरायच्या पुलाचा उतार पाण्याबरोबर बदलतो. भरतीला जवळजवळ सपाट, ओहोटीला चांगलाच खडा. आईच्या गुडघ्यांसाठी भरतीचं वेळापत्रक बघूनच घराबाहेर पडावं लागेल.

सासरेबुवांनी हे वेळापत्रक पाठ केलंय. शहराच्या पासात बोटसुद्धा चालते हे कळल्यापासून ते रोज सकाळी बासष्ट नंबरची बोट धरतात. नणंदेचे यजमान त्याच बोटीने पलीकडे फिंकनवेर्डरला विमानाच्या कारखान्यात कामाला जातात. ते उतरतात, सासरे उतरत नाहीत. वरच्या मजल्यावर कानटोपी घालून बसून राहतात आणि त्याच बोटीने परत. समोरून कंटेनरची जहाजं जातात, एकेक आपल्या गावातल्या सगळ्या घरांपेक्षा उंच. भेटेल त्याला "मॉइन", म्हणजे इथला रामराम, म्हणतात, लोकही म्हणतात. शिरपूरला बसस्टँडवर पेपर घेऊन बसायचे, इथे बोटीवर बसतात, एवढाच फरक.

नदीचं दुसरं रूपही सांगते, कारण तुम्ही विचारालच. १९६२ च्या फेब्रुवारीत, १६ च्या रात्री वादळाने समुद्राचं पाणी आत लोटलं, बांध फुटले आणि एकट्या हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली. लोक झोपेत होते. त्यानंतर बांध पुष्कळ उंच केले. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तुम्ही रात्री उठून रेडिओ लावायचात ना, तो धसका इथल्या म्हाताऱ्यांनाही आहे.

आता केळी. मला माहीत आहे, तुम्ही इथपर्यंत केळ्यांचीच वाट बघत आलात.

रविवारी पहाटे पाच वाजता नदीकाठी बाजार भरतो. नाव मासळीबाजार, १७०३ पासून चालू. पूर्वी रविवारी चर्चची घंटा होण्याआधी माल विकून मोकळं व्हायचं असा नियम होता म्हणे, म्हणून वेळ अजूनही पहाटेचीच. सासरे चार वाजता उठलेलेच असतात, आम्हालाही उठवलं. मासळीकडे आम्ही कोणी वळलो नाही, पण तिथे फळवाले आहेत आणि ते बघण्यासारखे आहेत. ट्रकच्या फळीवर उभा राहून माणूस घसा फुटेस्तोवर ओरडतो. हातात टोपली. त्यात केळ्यांची फणी टाकतो, मग अननस, मग आंबे, द्राक्षं, आणि भाव तोच ठेवून आणखी एक फणी. गर्दी हसते, तो आणखी चेकाळतो. आपल्या बाजारात भाव कमी करतात, हा माल वाढवतो. सासऱ्यांना इतकं आवडलं की एक टोपली घेऊनच आले. नणंद कपाळाला हात लावून बसली.

घरी मी एकेक केळं बघितलं. इक्वेडोरचं स्टिकर होतं. नाना, हे तुमचंच कूळ. इथे सगळीकडे कॅव्हेंडिश जातीचंच केळं मिळतं, आणि तुमची टिश्यू कल्चरच्या रोपांची ग्रँड नैन तीच, आधीची बसराई आणि श्रीमंतीही त्याच घराण्यातली. फक्त ही तिकडे हिरवी कापली, धुतली, साधारण अठरा किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली आणि जहाजात तेरा-चौदा अंशांवर ठेवून दोन-तीन आठवडे समुद्रातून आणली. एल्बच्या पलीकडच्या काठावर ओस्वाल्डकाई नावाच्या धक्क्यावर फळांची मोठी शीतगृहं आहेत, तिथे उतरतात. पुढे रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू देऊन पिकवतात, जे सावद्याला करतात तेच. दुकानात किलोला साधारण दीड-दोन युरो. लगेच रुपयांत गुणाकार करू नका आणि रावेरला जाहीर होणाऱ्या बोर्डभावाशी तर मुळीच ताडून बघू नका, रात्री झोप लागणार नाही. बोर्ड एक भाव लावतं आणि बांधावर व्यापारी त्याहून कमीने मागतो, हे मी लहानपणापासून ऐकतेय. इक्वेडोरच्या शेतकऱ्याच्या हातात यातलं किती पडतं, हा प्रश्न मलाही पडला. तुम्ही तो बोटीवर सासऱ्यांबरोबर बसून सोडवा.

चवीचं विचाराल तर, गोड आहे. आपल्या पिकलेल्या घडाचा वास त्याला नाही.

एका दुपारी आम्ही दोघंच बाहेर पडलो. नदीखालून एक जुना बोगदा आहे, १९११ चा. गोदी-कामगारांना पलीकडच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात पायी जाता यावं म्हणून बांधलेला. चोवीस मीटर खाली लिफ्टने उतरायचं आणि सव्वाचारशे मीटर चालायचं. भिंतीला पांढऱ्या चकचकीत फरशा, मध्येमध्ये मातीत घडवलेले मासे, खेकडे, आणि एका ठिकाणी जुन्या बुटाजवळ चक्क उंदीर. तिकीट नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नही वं माय! डोक्यावर नदी अन् मी खालून चालू?" तेव्हा त्या वरच बाकावर बसल्या आणि आम्ही पलीकडे जाऊन शहर उलट्या बाजूने पाहिलं. लग्नानंतर असं काही न ठरवता भटकणं फारसं झालंच नव्हतं. कधी व्हिसा, कधी नोकरी, कधी भाषेची परीक्षा. जावई एरवी कमी बोलतात हे तुम्हाला माहीत आहे. त्या बोगद्यात मात्र आवाज घुमतो म्हणून ते मोठ्याने अहिराणीत गात होते. सायकलवाले वळून बघत होते.

जुनी गोदामं पाहिली, लाल विटांची, ओकच्या खांबांवर उभी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रस्ता. माल बोटीतून यायचा आणि छपराखालच्या कप्पीने वर ओढून घ्यायचे, म्हणून प्रत्येक मजल्याला बाहेर उघडणारं दार. कॉफी, मसाले, गालिचे. २०१५ पासून जागतिक वारसा आहे. छान आहे सगळं, फोटो दादाला पाठवलेत. पण ही गोदामं बांधताना तिथली वस्ती उठवली होती, वीस हजारांच्या घरात माणसं. जावयांना लगेच नंदुरबारकडची धरणात गेलेली गावं आठवली. त्यांच्या मामांकडचा विषय, मग बराच वेळ तोच चालला.

तिथून जवळच, जुन्या गोदामाच्या डोक्यावर, काचेची संगीत-सभागृहाची इमारत उभी केलीय. नानांना यातलं फक्त एक आवडेल. शहराला ७ कोटी ७० लाख युरोंत पडेल असं सांगून काम सुरू केलं आणि संपेपर्यंत एकूण खर्च ८६ कोटींच्या वर गेला. २०१० ला व्हायचं ते २०१७ उजाडलं. जर्मन म्हणजे काटेकोर, असं जे तुम्ही पारावर सांगता, ते जरा जपून सांगत जा.

आई, आता तुझ्या मतलबाचं. सासूबाईंनी येताना ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, ज्वारीच्या बिबड्या, मिरच्या, सगळं आणलंय. भरिताचं मात्र अडलं होतं. घरात धूर झाला की छतावरचं यंत्र बोंबलतं आणि अख्खी इमारत जागी होते. ओव्हनमधल्या वांग्याला त्या भरीत म्हणायला तयार नाहीत. मग नणंदेला सुचलं. तिथल्या मोठ्या बागेत, श्टाटपार्कमध्ये, ठरवून दिलेल्या जागी कोळशाची शेगडी पेटवता येते. शनिवारी आम्ही सगळे तिथे. वांगी तुर्की दुकानातली, काळी-जांभळी आणि जाड सालीची. बामणोदच्या हिरव्या वांग्याची सर कुठून येणार, आणि तुरकाठ्या तर नाहीतच. तरी सासूबाईंनी प्रत्येक वांग्याला टोचे मारले, तेलाचा हात फिरवला आणि निखाऱ्यावर उलटत बसल्या. साल करपून सुटायला लागली, रस निखाऱ्यात पडून चर्र झालं, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. ठेचायला काही नव्हतं, पातेल्यात लाटण्यानेच ठेचलं. वरून हिरवी मिरची, लसूण, दाणे, कांद्याची पात.

शेजारी एक तुर्की कुटुंब होतं. त्यांच्याही शेगडीवर वांगी! त्यांच्या आजीबाईंनी आमच्याकडे बघितलं, उठून आल्या, आमचं एक वांगं स्वतःच्या चिमट्याने उलटं केलं आणि मान हलवली, की अजून होऊ दे. सासूबाईंना जर्मन येत नाही, त्या आजींनाही बेताचंच. नंतर त्यांची रोटी आमच्याकडे आली, आमच्या कळण्याच्या पुऱ्या तिकडे गेल्या. रात्री नऊ वाजता ऊन होतं. सासूबाई घरी घड्याळ बघून साडेसातला दिवा लावतात, बाहेर लख्ख उजेड. त्यांना ते अजून पटत नाही.

सगळंच गोड सांगत नाही. सासूबाईंना मी एकटीला गाठून विचारलं. म्हणाल्या, पहिला आठवडा नवल, मग करमत नाही. दिवसभर लेक-जावई कामावर, नात शाळेत. जिन्यात कोणी भेटलं तर हसतं आणि जातं. दारं लावलेली. रविवारी दुकानं बंद. पाऊस आडवा येतो, छत्री उलटी होते. नात मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते, आणि त्या वेळी "पोटात कालवतं" असं त्या म्हणाल्या. मग गप्प झाल्या आणि म्हणाल्या, तरी आले ते बरं झालं. लेक कशी राहते ते डोळ्यांनी दिसलं. फोनवर ती नेहमी "छान आहे" म्हणायची.

मीही तुम्हाला तेच म्हणते, नाही का.

म्हणून या. तीन महिने नका राहू, सहा आठवडे बास. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, पुढच्या वर्षी आखाजी झाली की तुम्हीच निघा. श्रावणातल्या कानबाईच्या सणाआत आईला घरी पोचवायची जबाबदारी माझी. नाना म्हणतील बाग. या वर्षी केळीची पावसाळ्यानंतरची लावण, कांदेबागच ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये मृगबाग लावू नका. ड्रिपला सालदार आहे, दादा आहे. मे-जूनच्या वादळात केळी आडव्या होतात हे खरं, पण तुम्ही बांधावर उभे राहिलात म्हणून वादळ कधी थांबलंय का? पंचनाम्याला दादा उभा राहील.

कामं अशी. आधी पासपोर्ट. आईचं नाव आधारवर वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळं आहे, ते आधी सारखं करून घ्या, नाहीतर सगळं तिथेच अडेल. व्हिसासाठी मुंबईला एकदा जावं लागेल, बोटांचे ठसे देतात. निदान तीस हजार युरोंचा प्रवास-विमा लागतो, तो मी इथून काढते. तुमच्या खर्चाची हमी आम्ही इथल्या परदेशी-नागरिक कार्यालयात लिहून देऊ, तो कागद कुरिअरने पाठवीन. नानांच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणायच्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यायचं. आणि नाना, कानाचं मशीन. ते कपाटात ठेवून यायचं नाही.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमची
बेबी

ता.क. सासूबाई विहीणबाईंना सांगतात, पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर घेऊन येऊ नका. त्यांनी आणलं होतं, इथल्या काचेच्या शेगडीवर ते चालत नाही. त्याऐवजी बिबड्या जास्त आणा, त्यांच्या संपत आल्यात.