एकट्याने सहलीला जाताना

संपादक महोदय,
छोट्या गटाच्या सहलीत एकट्याने नाव नोंदवणाऱ्यांनी दरपत्रक शेवटपर्यंत वाचावे, ही कळकळीची विनंती. ‘प्रति व्यक्ती’ दर बहुधा दोघांत एक खोली धरून असतो. स्वतंत्र खोलीचा जादा आकार खाली बारीक अक्षरांत असतो. खोलीला जोडीदार मिळाला तर तो आकार परत मिळेल का, हे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन ऐनवेळी कामी येत नाही.

रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधीच खुले होते, तेव्हा त्याआधी कुणी ‘कन्फर्म’ म्हटले तरी विसंबू नये. आरएसी तिकीट म्हणजे बाजूचा खालचा बर्थ अनोळखी प्रवाशाबरोबर अर्धा-अर्धा. दुसरा बर्थ रिकामा झाला नाही, तर रात्रभर बसून जावे लागते. वारही तपासावेत: ताजमहाल शुक्रवारी, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद.

– एक वाचक